रोडग्याचं तूप अन् शुद्ध रक्ताची नळी

हजारेक माणूस होता मंडपात, पोट्टेहो, अन् एकही खोकून नव्हता राहिला! वलगावच्या रस्त्याले लागून मंडप, वरून ऊन, खाली माणसावर माणूस, अन् स्टेजवर तो निर्मळनाथ महाराज. पांढरी लुंगी, पांढरा दुपट्टा, हातात काचेची बोटाएवढी नळी. नळीत खाली रक्ताचा गोठलेला गड्डा, अन् वर काय? वर दूध! देवाशपथ सांगते, म्हशीच्या दुधासारखं पांढरं.

"पाहून घ्या!" माइकवर असा गरजला तो, की बाजूचं लेकरू रडायले लागलं. "हे गजेंद्रभाऊच्या नसातलं विष! वीस वर्षापासून साचलेलं! डॉक्टरनं दाखवलं कधी तुमाले? तो कागद दाखवते, आकडे दाखवते. आमी विष दाखवतो, विष!"

"ओ माय वो!" सगळा मंडप एकदम.

हे गजेंद्रभाऊ म्हणजे माझे मामा. सख्खे. फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे न त्यांचं, तेच. सात महिन्याआधी अटॅक आला होता, छातीतल्या नळीत जाळी बसवली, स्टेंट. डॉक्टरनं बजावलं होतं, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या अन् चरबीची एक, एक दिवसही चुकवायची नाई.

आता दुसरी परीक्षा ऐका. थेंबाची. चेल्यानं मामाच्या बोटाले सुई टोचली. थेंब आला, कागदानं टिपला. परत आला, परत टिपला. महाराज जपमाळ ओढून राहिला, मणी मोजून राहिला. एक माळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, मामाचं रक्त काही थांबेना.

"पाणी!" महाराज कपाळ बडवून म्हणते. "गोळ्या खाऊखाऊ रक्ताचं पाणी झालं हो तुमच्या! अन् आता शेषरावजी, या. तुमची आठ दिवसाची साधना झाली."

शेषराव काका म्हणजे मामाचे लंगोटीयार, घराले घर लागून. त्यांलेही छातीचा त्रास, त्यांलेही त्याच पातळ करायच्या गोळ्या. त्यांनीच मामाले तिथं नेलं होतं. मागच्या रविवारी त्यांची नळी दुधाची निघाली होती. या रविवारी? वरचं पाणी पिवळं, नितळ, काचेसारखं! अन् बोट टोचलं तं अर्ध्या माळेत रक्त बंद! काकानं बोट वर केलं, जसं निवडणूक जिंकली. लोकं उभे राहून टाळ्या. महाराजानं ती नितळ नळी त्यांच्या ओंजळीत दिली, "देवघरात ठेवा, हे तुमचं शुद्ध रक्त."

अन् मग ते पिंप. स्टेजच्या खाली स्टीलचं मोठं पिंप, त्याले हार घातलेला. 'गोळी-त्याग' म्हणत त्याले. माणसं रांगेनं येऊन गोळ्यांचे पत्ते त्यात टाकून राहिले होते. बीपीच्या, साखरेच्या, हृदयाच्या. मामानं खिशातून तिन्ही पत्ते काढले अन् टाकले.

मी ओरडली, "मामा, काय करून राहिले तुमी!"

"गप वो. डोळ्यानं पाह्यलं न तू?"

पाह्यलं होतं न! तोच तं राग येते मले अजून. मी बीफार्मच्या दुसऱ्या वर्षाची, गोळ्यांची नावं तोंडपाठ, अन् दोन मिनिट, खरं सांगते, दोन मिनिट मलेही खरं वाटलं.

परत येताना ऑटोत मामी एकदम खुशीत. जमुना मामीची नळी पहिल्याच दिवशी नितळ निघाली होती. महाराजानं खाली वाकून नमस्कार केला तिले, "या माऊलीच्या रक्तात देव हाय! चतुर्थीचं पुण्य हाय!" मामी लाजून लाल. पण मामीचा रिपोर्ट मागच्या महिन्यात मीच आणला होता. कोलेस्टेरॉल दोनशे सत्तर. दोनशे सत्तरवालीच्या रक्तात देव कसा काय निघाला बाप्पा?

दुसऱ्या दिवशी कॉलेज सोडून सरळ अमरावतीच्या राजापेठले गेली, दीक्षाकडे. दीक्षा म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण, लॅब टेक्निशियन. तिची लॅब एका ट्युशन क्लासच्या वर आहे, खालून पाढ्यासारखे फॉर्म्युले ऐकू येतात दिवसभर. मी धापा टाकत सगळं सांगितलं. ती नळ्यांवर नाव लिहून राहिली होती, मानही वर केली नाई.

"जेवण किती वाजता होतं?"

"अबे, मी चमत्कार सांगून राहिली अन् तू जेवण विचारते?"

"विचारते न. जेवण किती वाजता, अन् रक्त किती वाजता?"

मी आठवलं. नवीन भक्ताले सकाळी अकरा वाजता महाप्रसाद. रोडगे. तुमाले तं माहीतच आहे आपल्याकडं रोडग्याचं जेवण कसं असते. गवऱ्यांच्या आरात भाजलेला कणकेचा गोळा फोडायचा, कुस्करायचा, अन् त्यात तूप. वाटीनं नाई, तांब्यानं. वाढणारा "घ्या, घ्या" करते अन् खाणारा "पुरे" म्हटलं तं त्याची इज्जत जाते. मामानं त्या दिवशी तीन वाट्या तूप रिचवलं होतं, शेषराव काकानं बाजूले उभं राहून मोजलं होतं. अन् रक्त काढलं दोन वाजता.

"अन् जुन्या भक्ताचं? शेषरावचं?"

"त्यांले आदल्या दिवशीपासून उपास. फक्त महाराजाचं निर्मळ जल. सकाळी नऊले उपाशी पोटी रक्त काढलं. पण नळ्या सगळ्या साडेतीनलेच दाखवल्या, एकत्र."

आता दीक्षानं पेन खाली ठेवलं. हसली नाई. चिडली.

"आकांक्षा, आमच्या लॅबमध्ये हा चमत्कार रोज सकाळी होते. कोणी पुरी-भाजी, आलूबोंडा हाणून येते, त्याचं रक्त नळीत ठेवलं की वर दुधासारखं येते. आमी त्याले विष नाई म्हणत. आमी म्हणतो, काका, उद्या उपाशी पोटी या."

"म्हणजे ते दूध..."

"तूप आहे ते! खाल्लेलं तूप आतड्यातून रक्तात उतरते, बारीक-बारीक थेंब तरंगतात, म्हणून पांढरं दिसते. ज्याची चरबी आधीच जास्त, त्याचं जास्त पांढरं. दहा-बारा तास उपाशी राह्यलं की शरीर ते वापरून टाकते, पाणी नितळ. तुझी मामी काय जेवली होती?"

"काहीच नाई. चतुर्थी होती. चंद्र निघाल्याशिवाय ती..." अन् माझं तोंड उघडं ते उघडंच राह्यलं.

"अन् ऐक. जे खराब कोलेस्टेरॉल नसा बुजवते न, ते असं डोळ्यानं दिसतच नाई. दोनशे सत्तर असलं तरी नळी नितळच. मामीची नितळ होती, पण चांगली नव्हती."

मंगळवारी आमी स्वतःवर करून पाह्यलं. लॅबच्या डॉक्टर मॅडमले विचारून. सकाळी उपाशी पोटी माझं रक्त काढलं, नितळ. मग आईनं दिलेला रोडग्याचा डबा उघडला, लॅबभर तुपाचा वास, पेशंट लोकं वळून-वळून पाहात. तीन तासानं परत काढलं. धुरकट पांढरं! वीस वर्षाची मी, मले कोणता रोग नाई, अन् माझ्याही नसात 'विष'!

दोन्ही नळ्या घेऊन मामाकडे गेली. त्यांनी पाह्यल्या, परत दिल्या.

"तुमी लॅबवाले अन् डॉक्टर सगळे एका माळेचे मणी."

"मामा, मी तुमची भाची आहे, लॅबवाली नाई!"

"भाची हाय म्हणून तं ऐकून राहिलो. नाई तं हाकललं असतं."

मामीनं वेगळाच उपाय केला. मामाच्या जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणल्या अन् वरणात कुटून टाकल्या. मामानं एक घास घेतला, ताट सरकवलं. तेव्हापासून घरचं अन्नच बंद. नुसती केळं खाऊन राहिले. मी हृदयाच्या डॉक्टरले फोन लावला. ते म्हणाले, "एकेक दिवस धोक्याचा आहे. ज्या मिनिटाला तयार होतील त्या मिनिटाला गोळ्या द्या आणि माझ्याकडे घेऊन या." मामीनं आणलेले उरलेले पत्ते मी पर्समध्ये टाकले. झोपताना उशाशी पर्स.

अन् बुधवारी सकाळी शेषराव काका गेले.

अंगणात आरसा टांगून दाढी करून राहिले होते. अर्ध्या गालाले फेस तसाच. त्यांची बायको, पार्बताबाई काकू, चहा घेऊन बाहेर आली तं काका खाटेवर आडवे. दवाखान्यात नेईस्तोवर संपलं होतं. डॉक्टरनं सांगितलं, हृदयाच्या नळीत गाठ अडकली रक्ताची. महाराजाचा आवाज दुपारी सगळ्यांच्या मोबाइलवर आला, "शेषरावजी शुद्ध देहानं गेले. असं मरण योग्यालेच मिळते."

योग्यालेच मिळते! माणूस मारला अन् वरून बक्षीस दिलं! मी मोबाइल भिंतीवर फेकणार होती.

मामा मयतीहून आले, भिंतीले टेकून बसले. मले वाटलं, आता तरी. मामा म्हणाले, "शेषराव शुद्ध होऊन गेला, आकांक्षा."

मी रडली, भांडली. शेवटी मामाच म्हणाले, "रविवार होऊ दे. मले महाराजापाशीच खोटं करून दाखव त्याले. दाखवलं, तं तू म्हणशील तिथं येतो."

रविवारी नऊले मामाचं उपाशी पोटी रक्त काढलं. अकराले महाप्रसाद. साधना पूर्ण झाली म्हणून मामाले दुप्पट तूप! नुसत्या केळावर राह्यलेला माणूस, त्यानं मागंपुढं पाह्यलं नाई. मी बाजूले बसून मोजत होती, चार वाट्या. मामी मले म्हणे, "अवो, थांबव न त्याले." मी म्हटलं, "खाऊ द्या मामी. आज खाऊ द्या."

साडेतीनले स्टेज. मामाची सकाळची नळी वर. नितळ! टाळ्या! बोट टोचलं. अर्धी माळही झाली नाई, रक्त थांबलं. टाळ्याच टाळ्या! महाराज म्हणते, "रक्ताले ताकद आली! कोणाले अनुभव सांगायचा हाय?"

मी हात वर केला. "मी भाची त्यांची." दिला न माइक त्या भैताडानं!

मी म्हटलं, "महाराज, मामा शुद्ध झाले न?"

"शंभर टक्के!"

"सकाळी नऊले होते तसेच आताही शुद्ध आहेत?"

"अवो पोरी, एकदा शुद्ध झालं की झालं. गंगा कधी उलटी वाहते काय?" मंडप हसला.

"मग आता, सगळ्यांसमोर, परत एक नळी काढू. नितळ निघाली तं मी तुमच्या पायावर डोकं ठेवते."

हसू थांबलं. महाराज म्हणते, "रक्त वारंवार काढू नये, शक्ती जाते."

मी म्हटलं, "मागच्या आठवड्यात तं पन्नास लोकाचं काढलं, तेव्हा नाई गेली?" मागून कोणीतरी म्हातारा ओरडला, "काढू द्या न हो महाराज! भेता कायले?"

मामानं माझ्याकडे पाह्यलं. मग महाराजाकडे. अन् स्वतःच बाही वर केली. "काढा. होऊन जाऊ द्या."

दीक्षाले मी सोबतच आणलं होतं, ती वर आली. सीलबंद सुई, नवीन नळी सगळ्यांले दाखवली, रक्त काढलं, अन् नळी टेबलावर उभी केली, स्टेजच्या काठाशी. "अर्धा तास लागते गोठायले. कोणीही हात लावू नका."

तो अर्धा तास, पोट्टेहो! महाराजानं भजन लावलं. कोणी टाळी धरली नाई. चेल्यानं टेबलाकडे सरकायचा प्रयत्न केला, तं पहिल्या रांगेतल्या दोन बाया उठून टेबलापाशी उभ्या राह्यल्या, पदर खोचून. दूध नाई आलं तं? मामा मग कधीच ऐकणार नव्हते.

अन् तेवढ्यात मंडपाच्या तोंडाशी माणसं बाजूले सरकायले लागले. पार्बताबाई काकू. नवरा जाऊन चारच दिवस झालेले, सुतकात बाई घराबाहेर पडत नाई आपल्याकडं. कोणी म्हणालं, "काकू, तुमाले सुतक..." काकूनं ऐकलंच नाई. मोकळं कपाळ, हातात पदराखाली काहीतरी झाकलेलं. सरळ स्टेजपाशी आली.

"महाराज," काकू म्हणाली. आवाज एवढासा, पण माइक माझ्या हातात होता, मी तो खाली धरला. "हे तुमी देल्लं होतं. देवघरात ठेवा म्हणाले. आता त्याच्या फोटोसमोर ठेवलं होतं." तिनं पदर काढला. काकाची नळी. "रक्त शुद्ध होतं तं माणूस कुठं गेला?"

महाराज म्हणते, "माय, हे कर्माचे भोग..."

"कर्माचं मले समजत नाई. मी त्याले रोज सकाळी गोळी देत होती. तुमी म्हणाले टाक, त्यानं टाकली. अकराव्या दिवशी गेला. मले एवढंच समजते."

अन् दीक्षानं टेबलावरची नळी उचलली, वर धरली.

दूध. सकाळी शुद्ध झालेल्या मामाच्या रक्तावर पांढरं दूध. मागच्या रविवारपेक्षाही घट्ट!

मी ओरडली, "हे विष नाई! हे अकरा वाजताचं तूप आहे! ज्यानं जेवून रक्त दिलं त्याचं पांढरं, उपाशी दिलं त्याचं नितळ! आठवा सगळे, तुमी कधी जेवले होते अन् कधी सुई टोचली होती!"

अन् लोकं खरंच बोटावर तास मोजायले लागले. मामीनं तं मंडपातच म्हटलं, "अवो बाई, म्हणजे माझ्या रक्तात देव नाई, चतुर्थी होती!"

दीक्षानं माइक घेतला. ती कधी ओरडत नाई, त्या दिवशीही नाई ओरडली. "दूध दाखवणं ही फसवणूक होती. पण थेंबाची परीक्षा खरी होती, अन् तीच भयानक आहे. रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक चकत्या असतात. कुठं कापलं की त्या धावत येतात, एकमेकीले चिकटतात, भोक बुजवतात. पण रक्तात खराब चरबी वाढली की त्या चिडखोर होतात, जरा काही झालं की चिकटतात. हृदयाच्या नळीत चरबीचा थर फुटला, नाई तं नवीन जाळी दिसली, की तिथंही येऊन गोळा होतात. पातळ करायची गोळी त्यायले म्हणते, बायांनो, दमानं. म्हणून गोळी चालू असताना बोटाचं रक्त उशिरा थांबते. गोळी काम करून राहिली, याचा तो पुरावा होता. अन् हे त्याले रोग म्हणाले. गोळी बंद केली की आठ-दहा दिवसात नव्या चकत्या येतात, त्यायले आवरणारं कोणी नसते." ती मामाकडे वळली. "काका, आज तुमच्या बोटावर अर्ध्या माळेत गाठ झाली. टाळ्या वाजल्या. तशीच गाठ छातीतल्या जाळीवर झाली तं?"

मामाचा हात आपोआप छातीवर गेला. मामानं काकूच्या हातातल्या नळीकडे पाह्यलं, अन् तो माणूस, ज्यानं मयतीतही डोळे कोरडे ठेवले होते, तिथंच खाली बसला. "शेषऱ्या... टाळ्या वाजवल्या बे मी. तुझं रक्त थांबलं तं टाळ्या वाजवल्या!"

मी पर्समधून पत्ते काढले. डॉक्टरले फोन लावला, त्यांनी सांगितल्या तेवढ्या गोळ्या मामाच्या हातावर ठेवल्या. चेला अजून तिथंच उभा, हातात 'निर्मळ जल'ची बाटली. मामानं त्याच्याकडे पाह्यलंही नाई. त्या पहिल्या रांगेतल्या बाईनं आपली बाटली दिली, नळाचं पाणी. मामानं घोट घेतला. तसंच ऑटोत घालून अमरावतीले दवाखान्यात. हृदयाची पट्टी, ईसीजी काढला, हृदय शाबूत. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. मामा म्हणाले, "नशीब नाई साहेब, भाची."

महाराज? आमी ऑटोत बसलो तेव्हा तो जीपमध्ये बसून राहिला होता. पण जीप निघाली नाई, लोकायनं चारी बाजूनं पिंप, हार, पाट सगळं आडवं टाकलं. पोलीस आले. काकूनं स्वतः जादूटोणाविरोधी कायद्याची तक्रार दिली, अंगठा नाई, सही करून. अन् पिंप उलटं केलं तं गोळ्यांचा ढीग पडला. लोकं वाकून-वाकून आपलं पत्त्यावरचं औषध ओळखायले लागले. लाज वाटून राहिली होती सगळ्यांले, मान वर करत नव्हते.

ते हसण्यासारखं नाई, पोट्टेहो. हसू नका. अडाणी होते म्हणून फसले, असं म्हणू नका. मीही दोन मिनिट फसली होती न! डोळ्यानं पाह्यलं ते खरंच होतं, दूध खरंच होतं, थेंब खरंच थांबला होता. विचारलं नाई कोणी, बस. जेवण कधी झालं, रक्त कधी काढलं, गोळी काहून सुरू होती? तीन सवाल. हे विचारायले डिग्री लागत नाई. अन् तुमच्या घरी कोणी म्हणालं न, "गोळी सोड, मी बरं करतो," तं पहिले डॉक्टरले फोन लावा, मग त्या माणसाले विचारा, तुझा पुरावा उपाशी पोटीचा आहे का जेवल्यावरचा?

ही पाहा, काकाची नळी. काकूनं मले दिली. म्हणाली, "पोरी, देवघरात नको मले हे. तू ठेव, अन् जो म्हणेल त्याले दाखव." आता काळी पडली आहे, त्या दिवशी काचेसारखी होती. वर चिकटवलेली चिठ्ठी वाचता येते अजून, चेल्याच्या अक्षरात. 'शेषरावजी. शुद्ध.'

घ्या, हातात घेऊन पाहा एकेकानं.